तेलाची जागा

देवावर तेल ओतल्याने देवाचे काही बिघडत नाही; ब्रेकला ही सवलत नाही. एवढे साधे सत्य उधन्याच्या आमच्या चाळीला १९९९ सालच्या खंडेनवमीला उमगले, आणि त्यापायी चंचलची रविवारची शर्यत बुडणार अशी लक्षणे दिसू लागली.

चंचल ही शेजारच्या उषाबाईंची मुलगी. मी ज्या महाविद्यालयात इतिहास शिकवत असे तिथेच ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. उषाबाई मूळच्या अमळनेरकडच्या; कडोदऱ्याच्या एका कारखान्यात बॉबिनी भरण्याचे काम करत. सायकल मात्र आली ती हजिऱ्याहून. माझा भाऊ प्रमोद तिथल्या एका प्लांटवर पाइपफिटर होता, आणि त्याच्याबरोबर काम करणारा एक जर्मन इंजिनियर मायदेशी परतताना ती त्याला देऊन गेला. प्रमोदने आठवडाभर चालवली, मग कंबर धरून बसला आणि चंचलला म्हणाला, "घे बाई, ही घोडी मला मानवत नाही." चंचलला ती अशी मानवली की तिची घंटी ऐकून उधन्याचे रिक्षावालेसुद्धा कडेला सरकू लागले; ज्यांनी सुरतेतले रिक्षावाले पाहिले आहेत त्यांना या वाक्याचे वजन कळेल.

त्या सायकलीचे ब्रेक आपल्याकडच्या सायकलींसारखे नव्हते. दोन्ही चाकांच्या आसापाशी बशीएवढी पोलादी चकती होती, आणि तिला दोन बाजूंनी आवळणारा एक चिमटा. ओढायला तार नाही. मुठीवरचा दांडा दाबला की बारीक नळीतले तेल खाली रेटले जाई, तेल दट्ट्यांना ढकली, आणि दट्टे ब्रेकच्या गुटक्यांना चकतीवर दाबून धरत. एका बोटाने थांबणारी सायकल आम्ही कुणी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

तापीतीर सायकल मंडळ दसऱ्यानंतरच्या रविवारी अडाजणहून हजीरा रस्त्याने जाऊन परत येण्याची शर्यत भरवी. मंडळाचे अध्यक्ष किरीटभाई हे जरीचे व्यापारी, आमच्या महाविद्यालयाचे विश्वस्त आणि शिस्तीचे मोठे भोक्ते होते. शिस्त दुसऱ्याने पाळायची असली की तिची गोडी काही और असते. चंचल नाव नोंदवायला गेली तेव्हा नियमांत मुलींना मनाई नव्हती. ती उदारता नव्हे. असा प्रसंग ओढवेल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. किरीटभाईंनी तिला नाही म्हटले नाही. त्यांनी समिती नेमली. आपल्याकडे सभ्य माणसे दाराला कडी लावत नाहीत, समिती नेमतात.

समितीने नवा नियम केला: शर्यतीच्या सकाळी प्रत्येक सायकलीच्या ब्रेकची परीक्षा होईल, तापीवरच्या पुलाच्या उतारावरून वेगाने येऊन जी चुन्याच्या रेघेच्या आत थांबणार नाही ती बाद. परदेशी, अनोळखी ब्रेकांमुळे इतरांच्या जिवाला धोका संभवतो, असे कारण दिले होते. इतरांच्या जिवाची एवढी काळजी मी त्या मंडळींत पूर्वी पाहिली नव्हती. माझ्या कायम नेमणुकीच्या मुलाखतीला हेच किरीटभाई विश्वस्त म्हणून बसले होते आणि त्यांनी मोठ्या दुःखाने शेरा दिला होता की राखीव जागेसाठी योग्य उमेदवार मिळाला नाही. उमेदवार समोरच्या खुर्चीत बसला होता.

चंचलला मात्र त्या नियमाचे काही वाटले नाही. "थांबायचंच आहे ना ताई? ही तर नुसतं मनात आणलं तरी थांबते."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी खानदेशी घरांत हत्यारे पुजतात, आणि सुरतेत आल्यापासून हत्यार म्हणजे माग, त्यांच्या बोलीत सांचा. त्या दिवशी सांचे पुसले जातात, तेल पितात, हळदकुंकू लेतात आणि झेंडूची माळ घालून एक दिवस गप्प बसतात. उषाबाईंनी लेकीची सायकलही या मानात बसवली. चाके काढून ओट्यावर धुतली. चकत्या आरशासारख्या चमकत होत्या म्हणून त्यांना विशेष मान: कारखान्यातून आणलेल्या स्पिंडल तेलाचा हात, त्यावर हळदीकुंकवाची बोटे. चिमटे काही दिवस कुरकुरत होते, म्हणून त्यांच्या पोटातही तेलाची धार. शेवटी, चाके बाहेर असतानाच, दोन्ही दांडे कौतुकाने दाबून पाहिले. मध्ये चकती नाही म्हटल्यावर चिमट्यांचे ओठ मिटले ते मिटलेच. चाके परत बसेनात.

दसऱ्याला चंचल सायकल घेऊन मंडळाच्या मेकॅनिककडे गेली. त्याने पेचकसाने मिटलेले ओठ फाकवले, चाके बसवली, आणि मग 'अंदर क्या है' हे पाहण्यासाठी चिमट्यांवरचे स्क्रू ढिले केले. आत जे होते ते बाहेर ठिबकले आणि बाहेरची हवा आत गेली. दांडे मुठीला टेकू लागले. ती परत आली तेव्हा मी विहारातून वंदना आटोपून नुकतीच येत होते. आमच्याकडे हा दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. हळदकुंकू नाही, तेल नाही. सायकल एक भिंत अलीकडे राहायला असती तर वाचली असती.

"काय म्हणाला तो?" मी विचारले.

"हसला. म्हणे, 'आ अहीं नहीं थाय, बेन. जर्मनी मोकलो.' इथे नाही व्हायचं, जर्मनीला पाठवा! वर म्हणे मोटरसायकलचं ब्रेक ऑइल भरून बघा, नशिबात असेल तर चालेल. किरीटभाई तिथेच होते."

"ते काय म्हणाले?"

"त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'बेटा, अगले साल योग्य सायकल लेके आना.'"

योग्य. तो शब्द मी ओळखत होते. त्याच्याशी माझा जुना परिचय होता.

उषाबाई दारात उभ्या होत्या, चेहरा उतरलेला, पण माघार घेण्याची तयारी नसलेल्या. "मी काय वंगाळ करं? वाजी राहिनी व्हती ती! सांचा वाजना का तेल टाकतस. मंग सायकलनं काय घोडं मारं?"

"माय, तो ब्रेक आहे!" चंचल ओरडली. "त्याला धरायचं असतं, घसरायचं नसतं!"

"मंग धराले शिकाड ना त्याले! मन्हावर कसाले डाफरस?"

"उषाबाई," मी म्हणाले, "तुमच्या तेलाची डबी कुठे आहे?"

"आते मनी डबी बी जप्त करशात का ताई?"

"नाही. राहू द्या. लागेल."

लागेल हे मी तेव्हा केवळ रागाने म्हटले होते. राग हे संशोधनाचे वाईट साधन नाही. फक्त तो थंड करून वापरावा लागतो. पुढचे तीन दिवस मी वाचनालयात यंत्रशास्त्राच्या कपाटाशी काढले. ग्रंथपाल म्हणाला, "मॅडम, इतिहास पलीकडे आहे." मी म्हटले, "ठाऊक आहे. तिकडचे ब्रेक पूर्वीच निकामी झाले आहेत." तिथे मला कळले ते शाळेतही शिकवतात, फक्त कुणी मनावर घेत नाही: कोंडलेल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला तर तो तसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोचतो, कारण द्रव दबत नाही. हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा असला की हाताचा सगळा जोर तोच गिळतो आणि पुढे काही जात नाही. संस्था चालवण्याचा अनुभव असलेल्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

शनिवारी सकाळी आम्ही ओट्यावर बसलो. माझ्या वडिलांची रेल्वेतली हत्यारपेटी, औषधाच्या दुकानातून सिरिंज आणि सलाइनची नळी, स्पिरिटची बाटली, पॉलिश पेपर, आणि माझी शाळेपासूनची लाकडी फूटपट्टी. चंचलचे हात दिवाळीच्या फराळाला बसल्यासारखे आधी साबणाने धुऊन घेतले.

पहिला प्रश्न तेलाचा. मोटरसायकलचे ब्रेक ऑइल मी विकत आणले होते, पण भरण्यापूर्वी एक शंका फेडून घ्यायची होती. दोन वाट्यांत पाणी घेतले. एकीत ते नवे तेल टाकले. साखर विरघळावी तसे ते पाण्यात नाहीसे झाले. दुसरीत सायकलच्या नळीत तग धरून राहिलेले मूळचे तेल सिरिंजने ओढून टाकले. ते वर तरंगत राहिले, गोल, निवांत, पाण्याशी काही संबंध नसल्यासारखे.

"म्हणजे?" चंचलने विचारले.

"म्हणजे दोघांची जात वेगळी. जातीविषयी माझे मत तुला ठाऊक आहे. पण रबराला ते पटवता येत नाही. आतल्या रबराच्या कड्या या तरंगणाऱ्या तेलासाठी केलेल्या आहेत. दुसरे भरले तर त्या फुगतील आणि ब्रेक कायमचा मरेल."

"म्हणजे त्या मेकॅनिकचं ऐकलं असतं तर..."

"तर पुढच्या वर्षीही योग्य सायकल शोधावी लागली असती."

पाण्यात न मिसळणारे, पातळ, खनिज तेल हवे होते. सायकलच्या दुकानांत असे काही मिळण्याची आशा नव्हती. आणि मग माझी नजर कोनाड्यात गेली, जिथे झेंडूच्या सुकलेल्या माळेखाली उषाबाईंची डबी होती. स्पिंडल तेल: हजारो फेरे फिरणाऱ्या चात्यांसाठी केलेले, पाण्यासारखे पातळ, खनिज. मी थेंब पाण्यात टाकला. तरंगला. मग सायकलच्या जुन्या तेलाचा आणि याचा सारखाच भाग आळीपाळीने एकाच सुईतून खाली सोडला आणि दोन्हींच्या थेंबांची चाल ऐकली. दोन्ही एकाच लयीत पडत होते.

उषाबाई हे सारे मघापासून पाहत होत्या. "हाई तं मनं तेल शे!"

"तुमचेच."

"तेच? ज्यानी इघाडं तेच?"

"तेल चांगले आहे, उषाबाई. जागा चुकली होती. ते नळीच्या आत अमृत आहे आणि चकतीवर विष."

 त्या लेकीकडे वळून, आवाजात चार दिवसांचे व्याज वसूल करत म्हणाल्या, "आयकं का? तुनी माय अमृत लई उनी!"

आईने अमृत आणले हे ऐकून चंचल हसू लागली आणि तिला फूटपट्टी धरता येईना.

आधी विष उतरवले. चिमट्यांतून गुटके काढले. ते धातूचा चुरा दाबून केलेले होते, तेल प्यायलेले. गॅसवर जुना तवा ठेवून त्यावर ते भाजले. धूर निघाला, हळदीचा वास आला, आणि धूर थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मग पॉलिश पेपरवर घासून नवा पृष्ठभाग काढला. चकत्या साबणाने, मग स्पिरिटने पुसल्या. फडके घरातले घेतले नाही, कारण बॉबिनी भरणाऱ्या घरातले फडके कितीही धुतले तरी तेलाची आठवण विसरत नाही. माझी पांढरी ओढणी फाडली.

"ताई! दसऱ्याची होती ती!"

"धम्माच्या कामीच आली."

बाहेर आलेले दट्टे फूटपट्टीच्या सपाट टोकाने, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, सबुरीने मागे सारले. ते उघडे असताना चुकून दांडा दाबला जाऊ नये म्हणून दोघांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला. मग मुठीपाशी असलेल्या तेलाच्या इवल्याशा टाकीचे झाकण उघडले, सायकल अशी टेकवली की टाकी सर्वांत उंच राहील, आणि खाली चिमट्यावरच्या तोंडाला सलाइनची नळी जोडून सिरिंजमधून तेल वर ढकलू लागलो. खालून वर: कारण हवा वर जाते, आणि तिच्या वाटेत उभे राहण्यापेक्षा तिला वाट दाखवलेली बरी.

"आली!" चंचल टाकीत डोकावून म्हणाली. "बुडबुडा आला. अजून एक. ताई, हा केवढा मोठा! किरीटभाईच आले!"

"त्यांना बाहेर जाऊ दे. नळीला टिचकी मार, मागे समितीचे सदस्य असतील."

टिचक्या मारता मारता बारीक बुडबुडे माळेसारखे वर आले. मग येणे थांबले. टाकीतले तेल काचेसारखे स्थिर झाले. तोंड आवळले, झाकण लावले, मागच्या ब्रेकचेही तसेच केले, गुटके आणि चाके बसवली. चंचलने पुढचा दांडा धरला. दाबला. तो अर्ध्या वाटेत थांबला आणि दगडासारखा उभा राहिला.  तिने दांडा सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आले त्याला मी हर्ष म्हणणार नाही. सत्ता म्हणेन.

गुटके आणि चकत्या यांची नव्याने ओळख व्हावी लागते. दुपारभर ती गल्लीत वेग घेई, हळूहळू आवळी, पुन्हा वेग घेई. आधी घसरली, मग कुरकुरली, मग तिसऱ्या प्रहरी एका म्हशीच्या शिंगांपुढे अशी थांबली की म्हशीने वर पाहिले. कुरकुर ऐकताच उषाबाईंचा हात सवयीने कोनाड्याकडे गेला. अर्ध्यावरून त्यांनी तो स्वतःच मागे घेतला आणि पदराखाली दडवला. चाळीच्या इतिहासातली ही क्रांती माझ्याखेरीज कुणी पाहिली नाही.

रविवारी सकाळी पुलाच्या अडाजणकडच्या उतारावर चुन्याची रेघ ओढली होती. रेघेशी खुर्ची, खुर्चीत किरीटभाई. आम्हाला पाहून ते अर्धवट उठले.

"अरे मॅडम, आप? और ये सायकल? इसका तो..."

"नियमाप्रमाणे परीक्षेला आणली आहे."

"मगर मेकॅनिकने तो..."

"मेकॅनिकचे मत नियमात नाही. रेघ आहे."

त्यांनी मेकॅनिककडे पाहिले, मेकॅनिकने रेघेकडे. चंचल पुलाच्या माथ्यावर गेली. ती उतरू लागली तेव्हा माझ्या लक्षात आले की ती पायडल मारते आहे. उतारावर, परीक्षेत, गरज नसताना. उषाबाईंनी माझा दंड असा धरला की त्याच्या खुणा मंगळवारपर्यंत राहिल्या. रेघ जवळ आली. कुणीतरी बाजूला उडी मारली. मग दोन बोटे हलली, सायकल जमिनीला बसल्यासारखी झाली, मागचे चाक वीतभर उचलले जाऊन परत टेकले, आणि सर्व काही थांबले. पुढच्या चाकापासून चुना हातभर दूर होता.

"बराबर छे," गर्दीतून कुणीतरी म्हणाले, आणि मग सगळेच बोलू लागले.

नियमाला एक वाईट खोड असते: तो करणाऱ्याचा चेहरा ओळखत नाही. चंचलनंतर चौथा पार्थिव आला, किरीटभाईंचा मुलगा, नव्या कोऱ्या हलक्या सायकलीवर. सायकल देखणी होती. रबराचे गुटके चाकाच्या कडेला घासणारे तिचे ब्रेक नवलाईपोटी कुणी तपासलेच नव्हते. पहाटे पुलावर दव पडले होते. तो आवळत, ओरडत, रेघ ओलांडून, वडिलांची खुर्ची ओलांडून, चहाच्या टपरीशी जाऊन टेकला.

शांतता पसरली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत, बहुतेक माझ्याविरुद्ध. ही माझ्या बाजूची होती.

"देखो," किरीटभाई घसा खाकरून म्हणाले, "दव... मतलब, नियममां थोडी छूट..."

"नियम छापलेला आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला स्वतःलाच गार लागला. "योग्य सायकल मिळाली नाही, असा शेरा द्यावा. पुढच्या वर्षी पाहता येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शेरा कुणाचा होता ते त्यांना आठवले, हे मला त्यांच्या कानांच्या रंगावरून कळले. मी तिथेच थांबले असते आणि समाधानी राहिले असते.

"नाही ताई," चंचल मागून म्हणाली. ती सायकल ढकलत पुढे आली. "त्याला येऊ द्या."

"चंचल, नियम त्यांनीच..."

"माहीत आहे. पण तो नसला तर उद्या म्हणतील, पार्थिव नव्हता म्हणून हिचा नंबर आला. मला तो पाहिजे. मागे." मग पार्थिवकडे वळून, अस्सल सुरती गुजरातीत: "ए, ब्रेक टाइट करी ले पहेला. आगळ भेंस आवशे."

पुढे म्हैस येणार हे ऐकून गर्दी हसली, पार्थिवसुद्धा हसला. किरीटभाईंनी मान डोलावली, कारण दुसरे काही डोलवण्याजोगे त्यांच्याकडे उरले नव्हते.  मला हवा होता न्याय. तिला हवी होती शर्यत. तिचे मागणे मोठे होते.

ती तिसरी आली. पुढचे दोघे रेल्वेच्या संघातले सराईत होते, आणि रुंद टायरांच्या त्या जड सायकलीवर तिसरी येणे म्हणजे काय हे जाणकारांनी आपापसांत सांगितले. पार्थिव बऱ्याच वेळाने आला, पण आला. तिने मात्र शर्यत संपल्यावरही वेग सोडला नाही. सरळ पुलाचा उतार उतरून, सकाळच्याच चुन्यापाशी, किरीटभाईंच्या बुटांपासून हातभर दूर, दोन बोटांनी थांबली. "जुओ काका," ती धापा टाकत म्हणाली, "हजी पण थाय छे." मेकॅनिकच्या 'नहीं थाय'ला हे उत्तर होते: अजूनही होते.

उषाबाई गर्दी फोडून पुढे आल्या. हातात कुंकवाची कोयरी होती. कमरेला कधी खोचली होती कोण जाणे. त्या लेकीच्या कपाळाकडे गेल्या, मग सायकलीकडे वळल्या, वाकल्या, आणि चकतीपासून वीतभर अंतरावर त्यांचे बोट थबकले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"स्वप्नाताई, आते कोठे लाऊ?"

माझ्या घरात कुंकू नाही, आणि निर्जीव वस्तूंच्या पूजेविषयी मी जे लिहिले आहे ते मागे घेण्याचा माझा विचार नाही. मी पुढे झाले, उषाबाईंचे मनगट धरले, आणि ते बोट चकतीपासून दूर, वर, हँडलच्या मधोमध नेऊन टेकवले.